नववर्ष आणि सुट्टीनंतरची पहिली हीट

उद्यमबागकर
४ जानेवारी, रविवार, रात्री ९:१०

सर्वांना नववर्षाच्या शुभेच्छा, जरा उशिरानेच. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, भट्टीखात्याचा सुपरवायझर आहे. आमचे बहुतेक ग्राहक परदेशी असल्यामुळे नाताळापासून १ जानेवारीपर्यंत तिकडची मागणी थांबते आणि तेवढ्या दिवसांत आम्ही भट्टी बंद ठेवून डागडुजी उरकून घेतो. २५ डिसेंबरपासून थांबलेले ओतकाम उद्या सकाळी सात वाजता सुरू व्हायचे आहे. त्याआधी पहिल्या पाळीच्या अठरा जणांपुढे मी 'नव्या वर्षात सकारात्मक दृष्टिकोन' या विषयावर अर्धा तास बोलावे, असे मालकांनी फोनवर सांगितले आहे. त्यांनी एक फलकही छापून आणला आहे. त्यावर उगवता सूर्य आहे आणि डोंगराच्या टोकावर एक माणूस हात पसरून उभा आहे. आमच्यातील बहुतेकांना माहीत असलेला डोंगर म्हणजे यल्लमाचा, आणि तिथे हात पसरायला जागा मिळत नाही एवढी गर्दी असते.

चेष्टा पुरे, कारण मालकांचा हेतू खोटा नाही आणि अडचणही खरी आहे. प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा आमच्याकडे वाईट जातो. दोघे-तिघे न सांगता गैरहजर राहतात, कास्टिंगचे रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून बाद होणारे ओतीव भाग, वाढतात, कोणाच्या तरी हाताला चटका बसतो, आणि एरवी हसतखेळत काम करणारी माणसे क्षुल्लक कारणावरून एकमेकांवर डाफरतात. मी स्वतःही त्याला अपवाद नाही. आज दुपारी जेवून उठलो तेव्हा उद्याच्या विचाराने पोटात गोळा आला होता, आणि नोकरीला एकोणीस वर्षे झाली आहेत.

हे लिहिताना मी भट्टीपाशीच बसलो आहे. आमची भट्टी विजेवर चालणारी, इंडक्शनची आहे. तिच्या आतल्या बाजूला सिलिकाच्या रॅमिंग मासचे, म्हणजे ठोकून बसवलेल्या भुकटीचे, अस्तर असते, अस्तरामागे तांब्याची पोकळ कॉइल असते आणि त्या कॉइलमधून थंड पाणी वाहत असते. भट्टी पूर्ण थंड झाली की अस्तराला केसासारख्या चिरा पडतात. यात काही बिघाड नाही, तो त्या मालाचा स्वभावच आहे. परत तापवताना सिलिका फुगते, ५७३ अंश सेल्सिअसच्या सुमारास तर ती एकदम फुगते, आणि चिरा आपोआप मिटत जातात. मात्र त्यासाठी तिला वेळ द्यावा लागतो. आम्ही ताशी शंभर-सव्वाशे अंशांपेक्षा घाई करत नाही. म्हणून सकाळी सातच्या ओतकामासाठी आदल्या संध्याकाळीच भट्टी लावावी लागते. घाई केली, तर चिरा मिटण्याआधीच लोखंड वितळते आणि त्या चिरांतून कॉइलच्या दिशेने पाझरते. वितळलेले लोखंड आणि पाणी यांची गाठ पडली तर स्फोट होतो, हे या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही.

मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो, तिथे हे एकदा घडता घडता राहिले. जानेवारीचा पहिला दिवस, ऑर्डर तुंबलेली आणि 'नवे वर्ष दणक्यात सुरू करू' असा वरून निरोप. रात्रभराचे तापवणे साडेतीन तासांत उरकले. दुसऱ्याच हीटला (भट्टीभर लोखंड वितळवण्याच्या एका खेपेला) अर्थ लीकेजचा, म्हणजे लोखंड कॉइलकडे पाझरू लागल्याचा, अलार्म वाजला, भट्टी तातडीने खड्ड्यात रिकामी करावी लागली, अस्तर फोडून नवे भरावे लागले आणि चार दिवस गेले. दणका बसला, पण तो वेगळाच.

माझ्या मनात आहे ते असे, की माणसांच्या बाबतीत आपण दरवर्षी हीच चूक करतो. सुट्टीने माणूस थंड होतो, त्याच्यात बारीक चिरा दिसू लागतात आणि आपण पहिल्याच सकाळी पूर्ण पॉवर देतो. भाषण, फलक, संकल्प, दुप्पट टार्गेट हे सगळे पूर्ण पॉवरमध्येच येते. पण मग उद्या या अठरा जणांशी बोलायचे काय? येथील मंडळींनी आपापल्या कामातले अनुभव सांगावेत. भट्टीने आत्ताच तीनशे ओलांडले आहेत, तेव्हा रात्रभर मी जागाच आहे.

---

वडगावचा माग
४ जानेवारी, रात्री १०:२५

दादा, आपले लिखाण वाचले. आधी एक खडा टाकतो, राग नसावा. 'सुट्टीनंतर कामावर परतणे' हा ज्याला सुट्टी मिळते त्याचा प्रश्न आहे. माझे घरातच दोन यंत्रमाग आहेत. डिसेंबरच्या अखेरीस सहा दिवस दोन्ही माग उभे होते, पण आमच्यात त्याला सुट्टी म्हणत नाहीत, बंद म्हणतात. व्यापाऱ्याने सूत दिले नव्हते. ३१ तारखेला गल्लीत पोरांनी गाणी लावली होती आणि माझ्या घरात खटखट नव्हती, तर झोप येईना. ज्याच्या कानाला मागाच्या आवाजाची सवय आहे, त्याला शांतता सोसत नाही.

आता कामाचे सांगतो. माग काही दिवस उभा राहिला की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ताणलेल्या अवस्थेतच राहतात आणि हळूहळू ढिले पडतात. नंतर तसाच माग चालू केला, तर जिथे थांबला होता तिथे कापडात एक आडवी रेघ उमटते. साडीच्या पदरात ती आली, तर व्यापारी कापड उजेडासमोर धरतो, एका नजरेत रेघ काढून दाखवतो आणि भाव पाडतो. तुमच्याकडे रिजेक्शन म्हणतात, तेच हे.

त्यावर आमच्या वडिलांची पद्धत दुहेरी होती. चालू करताना ते मोटरला हात लावत नसत. आधी दोन-तीन आडवे धागे उसवून काढायचे, चाक हाताने फिरवून धोटा चार वेळा इकडून तिकडे न्यायचा, पोत बोटाने चाचपायचा, आणि मग बटण दाबायचे. हे तुमच्या हळू तापवण्यासारखेच झाले. पण दुसरी गोष्ट ते अधिक महत्त्वाची मानत. माग थांबवतानाच ते बीमचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाचा, ताण थोडा उतरवून ठेवत. रेघ चालू करताना दिसत असली, तरी ती थांबवताना पडलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून माझा प्रश्न असा, की २४ डिसेंबरच्या संध्याकाळी तुमच्या अठरा जणांनी काम कसे सोडले? घाईत, बस गाठायची म्हणून, साचे अर्धवट ठेवून सोडले असेल, तर ५ तारखेच्या भाषणाने फारसे काही साधणार नाही.

---

उद्यमबागकर
४ जानेवारी, रात्री ११:०२

मागवाले, तुम्ही नेमके बोट ठेवलेत. २४ तारखेला सहाच्या ठोक्याला सगळे पळाले. कोअरची (साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यांची) दोन कपाटे उघडी राहिली, वाळूच्या मिक्सरमधला माल तसाच पडून राहिला, आणि मीही त्यात होतो, कारण घरी पाहुणे यायचे होते. आज संध्याकाळी आलो तेव्हा मिक्सरमधली वाळू दगडासारखी बसली होती.

---

रात्रपाळीची अक्का
५ जानेवारी, पहाटे ४:४०

मी परिचारिका आहे आणि हे ड्युटीवरून लिहीत आहे. आमच्या विभागाला १ जानेवारी ठाऊक नसतो. ३१ डिसेंबरच्या रात्री दुचाकीवरून पडलेली मुले येतात, त्यांना टाके घालता घालता वर्ष बदलते. मात्र मागवाल्या काकांचे म्हणणे मला तंतोतंत पटले. आमच्याकडे पाळी बदलताना प्रत्येक खाटेपाशी उभे राहून पुढच्या सिस्टरला सर्व सांगायचे असते. कोणते सलाईन किती शिल्लक आहे, कोणाची लघवी मोजायची आहे, कोणाचे नातेवाईक चिडलेले आहेत, सगळे. ज्या दिवशी हे नीट होते, त्या दिवशी मी घरी जाऊन खरोखर झोपते. ज्या दिवशी घाईत होते, त्या दिवशी अंथरुणात पडल्यावर 'सात नंबरचे सांगितले का' हेच डोक्यात घोळत राहते आणि पुढच्या पाळीला मी थकलेलीच येते. चार खाटा राहिल्या आहेत, पुन्हा केव्हातरी लिहीन.

---

दुसरे गेट
५ जानेवारी, सकाळी ११:१५

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. या धाग्यावर भट्टी, माग आणि रुग्णालय यांनी जे सांगितले, त्याच्या जवळ जाणारे बरेच संशोधन झालेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सुट्टीमुळे माणसाला बरे वाटते, हे खरे आहे. परंतु नेदरलँड्समधील येसिका डी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या विषयावरील आधीचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा तो परिणाम लहान असतो आणि कामावर परतल्यावर लवकरच ओसरतो, असे त्यांना आढळले. त्यामुळे 'सुट्टी झाली, आता ताजेतवाने होऊन जोमाने लागा' ही अपेक्षाच मुळात ताणलेली आहे. उद्यमबागकरांच्या पोटात गोळा आला, यात त्यांच्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही.

आता फलकावरच्या माणसाकडे येते. गॅब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे नेमका हाच विषय अभ्यासला. डोरिस मायर यांच्यासह २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांनंतर गाठले. आपल्याला नोकरी मिळेल, असा अनुभवावर आधारलेला विश्वास ज्यांना होता, त्यांचे चांगले झाले. मात्र यश मिळाल्याची गोड चित्रे जे वारंवार मनात रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. चित्र पाहूनच मनाचे समाधान होते आणि हातपाय हलवायची ऊर्जा कमी पडते, असा त्याचा अर्थ त्या लावतात. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की इच्छेचे चित्र जरूर डोळ्यांपुढे आणावे, पण लगेच त्याच्या शेजारी आपल्या वाटेतला नेमका अडथळा उभा करावा आणि तो आला तर काय करायचे, हे आधीच ठरवावे. तेव्हा फलक काढून टाकू नका, कारण मालकांचे मन दुखावेल. त्याच्या शेजारी एक साधा काळा फळा लावा आणि पहिल्या दिवशी काय अडेल, ते ज्याचे त्याने सांगावे.

काकांच्या 'ताण उतरवून ठेवण्याला' तर मी वर्गात उदाहरण म्हणून वापरणार आहे. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले, की अर्धवट राहिलेले काम मनात सारखे डोके वर काढते, पण ते पुढे केव्हा व कसे करायचे याचा नेमका बेत केला की काम पूर्ण न होताही मन मोकळे होते. अक्कांची खाटेपाशी उभे राहून दिली जाणारी माहिती हेच काम करते.

संकल्पाविषयी एकच गोष्ट सांगून थांबते. नवी सवय एकवीस दिवसांत लागते, असे आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरत असते. लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला होता. त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतील अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाले. मधला एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, हेही त्यांना दिसले. १ जानेवारीला उचललेला संकल्प ८ जानेवारीला मोडला म्हणून जो संपूर्ण वर्षावर पाणी सोडतो, त्याला मी हा शेवटचा भाग आवर्जून सांगते.

---

निपाणीकर
५ जानेवारी, रात्री ८:३०

बाईंचे लिखाण अतिशय उपयुक्त आहे. मी बँकेत अधिकारी आहे आणि बेळगावहून निपाणीला रोज जा-ये करतो. सध्या महामार्गावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे अडकून राहण्याचा जो योग येतो, त्यात सकारात्मक दृष्टिकोनाची रोज तोंडी परीक्षा होते.

मला कालगणनेचा छंद असल्यामुळे थोडे आडवळण घेतो. १ जानेवारीची ही नवलाई फार जुनी नाही. खुद्द इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे आणि १७५२ पासून ते १ जानेवारीला सुरू होऊ लागले. आपल्याकडे सरकारी हिशेबाचे वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होते. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वही पुजतो. शिवाय चैत्राच्या पाडव्याला आमच्या गल्लीत मराठी घरावर गुढी असते आणि शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवशी उगादीचा बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, वाटला जातो. सीमाभागात राहणाऱ्याला वर्षातून चार वेळा नवे वर्ष मिळते. त्यामुळे एक हुकले म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

बँकेच्या दृष्टीने मात्र जानेवारी ही सुरुवात नसून शेवटच्या तिमाहीची घंटा आहे. इतर लोक 'नवी पाटी' म्हणतात, तेव्हा आमच्या पाटीवर नऊ महिन्यांचे लिहिलेले असते आणि ते बहुधा अपुरे असते. पूर्वी मी २ जानेवारीला शाखेत शिरताच आधी थकीत कर्जांची यादी उघडत असे आणि दहा वाजताच माझे तोंड उतरत असे. काउंटरवरची मुले ते तोंड पाहत आणि त्यांचीही उतरत. आता पहिला तास मी काउंटरबाहेर बसतो. या दिवसांत शेतकरी उसाचे बिल जमा झाले का, हे विचारायला येतात. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात नियम आहे. प्रत्यक्षात म्हातारा शेतकरी पासबुक फडक्यात गुंडाळून तिसऱ्यांदा आलेला असतो. त्याचे पासबुक छापून त्यावरची रक्कम बोटाने दाखवली, की तो दोनदा वाचायला लावतो आणि मग पासबुक पुन्हा त्याच घड्यांमध्ये गुंडाळतो. अशी पाच-सहा पासबुके झाल्यावर मी थकीत यादी उघडतो. यादी तेवढीच असते, पण मी तिच्याकडे पाहणारा माणूस थोडा वेगळा झालेला असतो.

---

हडपसरचा शहापूरकर
५ जानेवारी, रात्री ११:५०

मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आपण सगळे घरी राहूनच कामाला जाता, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. आमच्यासारख्यांना कामावर परतायचे म्हणजे आधी गाव सोडावे लागते.

गेली सहा वर्षे मी सुट्टीचा शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून रविवारी रात्रीची बस पकडत असे. आई पिशवीत कुंद्याचा डबा, भाकरी आणि शेंगाची चटणी कोंबायची. दहाच्या सुमारास बस निघायची, तवंदी घाटाच्या वळणांवर झोपमोड व्हायची, कोगनोळीच्या नाक्यावर दिव्यांचा झोत डोळ्यांवर यायचा आणि पहाटे पुण्यात उतरल्यावर नऊ वाजता मी लॉगिन केलेले असायचे. त्या सोमवारी मी लिहिलेला कोड मंगळवारी मीच पुसत असे. तरीही दर वेळी वाटायचे, की आपल्यालाच पुणे मानवत नाही, आपला दृष्टिकोनच नकारात्मक आहे.

यंदा मी शनिवारी सकाळच्या गाडीने आलो. आई नाराज झाली, ते स्वाभाविक आहे. रविवारी खोली झाडली, कपडे धुतले, मंडईतून भाजी आणली, संध्याकाळी कुंद्याचा डबा शेजारच्या सातारकर मित्राकडे नेला. आज सकाळी ऑफिसला गेलो तेव्हा आनंदाने उड्या मारत नव्हतो, पण माझ्या डोक्यात बस चालू नव्हती. उद्यमबागकरांनी सांगितलेले रात्रभराचे तापवणे ते हेच असावे, फरक इतकाच की त्यासाठी मला सुट्टीतला एक दिवस मोजावा लागला.

---

खानापूरच्या बाई
६ जानेवारी, सायंकाळी ७:०५

चर्चा छान रंगली आहे, पण माझा थोडा मतभेद आहे. सर्वांनी मिळून चांगल्या शब्दांना अगदीच मोडीत काढल्यासारखे वाटते. मी तालुक्यातील जंगलाकडच्या एका गावात मराठी शाळेत शिकवते. दहावीच्या मुलांना जानेवारी म्हणजे परीक्षेच्या भीतीचा पहिला महिना. एक मुलगी वाडीवरून चालत येते आणि थंडीच्या दिवसांत तिला हमखास उशीर होतो. दारात उभी राहून ती माझ्या तोंडाकडे बघते. त्या क्षणी मी 'आज पुन्हा?' म्हणाले, तर तिचा पहिला तास गेला. 'आलीस, बरे झाले, बस' म्हणाले, तर ती वही उघडते. दोन्ही वाक्यांना तेवढाच वेळ लागतो.

तेव्हा उद्यमबागकर, भाषण देऊ नका हे मान्य, पण सकाळी सात वाजता फाटकातून आत येणाऱ्या माणसाला पहिले वाक्य कोण बोलतो आणि काय बोलतो, याकडे लक्ष असू द्या. फलकावरचा माणूस बोलत नाही, तुम्ही बोलता.

---

उद्यमबागकर
१५ जानेवारी, गुरुवार, रात्री ९:३०

दहा दिवस लिहायला सवड झाली नाही, क्षमस्व. काल संक्रांत झाली, आज किंक्रांत. नवे काम सुरू करू नये म्हणतात, म्हणून जुनेच पूर्ण करतो आणि काय घडले ते सांगतो.

५ तारखेला मी अठरा जणांना, म्हणजे आलेल्या सोळा जणांना, भट्टीपाशीच उभे केले. आपले बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे आणि जानेवारीत सकाळी सातला शेडमध्ये हात कडक झालेले असतात, त्यामुळे भट्टीजवळ उभे राहायला कोणाची ना नव्हती. भाषण केले नाही. भट्टी रात्रभर कशी तापवली ते सांगितले, तापमानाची वही दाखवली, आणि २४ तारखेला आपण सगळे, माझ्यासह, काम घाईने टाकून गेलो, हे आधी कबूल केले. मग विचारले, की आज पहिल्या हीटला काय अडेल?

एक मिनिट कोणी बोलेना. शेवटी बैलहोंगलकडचा एक मोल्डर, म्हणजे साचे भरणारा, कन्नडमध्ये म्हणाला, की वाळू कोरडी आहे, पहिले साचे ढासळणार. दुसऱ्याने हातमोज्यांची भोके दाखवली. फेटलिंगचा, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणारा, मुलगा म्हणाला, की धूळ ओढणारा पंखा नोव्हेंबरपासून बंद आहे आणि हे तो तिसऱ्यांदा सांगत आहे. हे तिसऱ्यांदा सांगणे मला झोंबले. सगळे खडूने फळ्यावर लिहिले. घड्याळ पाहिले तर आठ मिनिटे झाली होती.

वाळूचे लगेच केले. ग्रीन सँड, म्हणजे साच्यांची ओलसर वाळू, आठवडाभर पडून राहिली की तिच्यातले पाणी उडून जाते आणि नुसते वरून पाणी ओतून भागत नाही, तिच्यातल्या बेंटोनाइट या चिकट मातीला ते शोषायला मिक्सरमध्ये वेळ द्यावा लागतो. म्हणून पहिले वीस साचे भरले, मोडले आणि वाळू परत फिरवली, त्यांत लोखंड ओतलेच नाही. मालकांना हे पटवणे सर्वांत कठीण गेले. ते शेडमध्ये आले तेव्हा सात पंचेचाळीस झाले होते आणि एकही कास्टिंग पडले नव्हते. ते काही बोलले नाहीत, पण फलकाकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहून गेले. पहिल्या दिवसाचे टार्गेट मी निम्म्यावर आणले होते आणि ते पूर्ण झाले. मोजे मंगळवारी आले. पंख्याची मोटर जळालेली निघाली आणि ती काल बसली.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. न सांगता गैरहजर राहिलेल्या दोघांपैकी एक गुरुवारी आला, दुसऱ्याने दुसरीकडे काम धरल्याचे कळले. रिजेक्शन डिसेंबरपेक्षा अजूनही थोडे जास्तच आहे. मात्र या आठवड्यात कोणाला चटका बसला नाही, आणि फळ्यावर रोज कोणीतरी काहीतरी लिहून ठेवतो. काल तिथे 'एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि' असे लिहिले होते आणि त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात 'तिळगूळ घ्या, गोड बोला आणि पंख्याला तेल घाला'. परवा १७ जानेवारी आहे. १९५६ च्या सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन करायला हुतात्मा चौकात जाणारे पाच जण तासभर उशिरा येणार आहेत आणि त्यांनी आपली नावे स्वतःच फळ्यावर लिहिली आहेत. पूर्वी हे त्या दिवशी सात वाजता कळत असे आणि मग माझी धावपळ होत असे.

खानापूरच्या बाईंचे ऐकून मी रोज पावणेसातला फाटकापाशी उभा राहतो. काय बोलावे ते सुचत नसल्यामुळे 'चहा झाला का' एवढेच विचारतो. पहिल्या दिवशी लोकांना वाटले, की मी उशिरा येणाऱ्यांची नावे टिपायला उभा आहे.

शनिवारी संध्याकाळी काम सोडताना शेवटची वीस मिनिटे ओतकाम बंद ठेवायचे, मिक्सर रिकामा करायचा, कपाटे लावायची आणि सोमवारी पहिले काय करायचे ते फळ्यावर लिहून जायचे, असे आम्ही ठरवले आहे. मागवाले काका, याला आमच्या शेडमध्ये आता 'ताण उतरवणे' असेच म्हणतात. माग कोणाकडेच नाही, तरीही.

---

वडगावचा माग
१५ जानेवारी, रात्री १०:१०

वाचून बरे वाटले, दादा. आमच्याकडे ९ तारखेला सूत आले. एक माग त्याच दिवशी लावला, दुसरा सोमवारी. पहिल्या साडीत रेघ आलीच, कारण बंद होताना मीही ताण उतरवला नव्हता. लोकांना सांगणे सोपे असते. ती साडी बायकोने ठेवून घेतली, संक्रांतीला तीच नेसली आणि रेघ निऱ्यांमध्ये गेली.

एक विनंती आहे. लोखंड वितळताना मी कधी जवळून पाहिलेले नाही. आपल्या मालकांची हरकत नसेल, तर एकदा यायची इच्छा आहे.

---

उद्यमबागकर
१५ जानेवारी, रात्री १०:२२

अवश्य या. रविवारी संध्याकाळी सातला मी भट्टी लावतो, पण तेव्हा पाहण्यासारखे काही नसते, नुसता पंप गुणगुणत असतो. सोमवारी पहाटे सहाच्या सुमारास या. तिसऱ्या रेल्वे गेटावरून फोन करा, मी फाटकापाशी असेन. सुती कपडे घाला, टेरिकॉट नको, आणि पायात चप्पल नको, बूट हवेत. नसतील तर माझा जादा जोड आठ नंबरचा आहे.